काटा वर चढतो तेव्हा...

रत्नागिरीत राहणाऱ्या माणसाला घाट काही चुकत नाही. कोल्हापूरला मोठ्या डॉक्टरांना दाखवायचं असो, मुलीच्या कॉलेजचं बघायला जायचं असो, नाहीतर देशावरच्या नात्यातलं लग्न असो, सह्याद्री ओलांडावाच लागतो. कोल्हापूरला जाताना आंबा घाट, चिपळूणहून कराडला जाताना कुंभार्ली, राजापूरकडून वर चढायचं तर अणुस्कुरा. पूर्वी हा सगळा प्रवास एस.टी.ने व्हायचा. गाडी घाटात गरम झाली, तर तो ड्रायव्हर-कंडक्टरचा प्रश्न. आपण खिडकीतून बघत बसायचं आणि पोरांच्या हातात लाडू ठेवायचा. आता दारात चारचाकी आली आहे आणि आपल्यापैकी कितीतरी जणी ती चालवूही लागल्या आहेत. म्हणजे तो प्रश्नही आता आपलाच झाला, नाही का?

गेल्या दोन वर्षांत आमच्या महिला मंडळात तीन-चार जणींनी मला एकच गोष्ट विचारली. ‘‘अहो, परवाच गॅरेजमध्ये कूलंट बदललं आणि तेव्हापासूनच गाडी गरम व्हायला लागली. आधी तर काहीच त्रास नव्हता. असं कसं?’’ प्रश्न अगदी रास्त आहे. गाडी थंड राहावी म्हणून पैसे खर्च करायचे आणि तिने नेमकं उलट वागायचं, याला काय म्हणावं? मग घरात दोन तट पडतात. एकजण म्हणतो, ‘‘गाडीच विकून टाका.’’ दुसरा म्हणतो, ‘‘इंजिन खोलावं लागणार.’’ आणि गाडी रोज चालवणाऱ्या बाईला मात्र कुणी विचारत नाही, की तुला नेमकं काय दिसलं?

मी बी.ए. झाले ते मराठी घेऊन. इंजिनाशी माझा संबंध बोनेट उघडणाऱ्याच्या हातात टॉर्च धरण्यापुरता. पण आमच्या बचत गटाने कर्ज काढून एक जुनी व्हॅन घेतली आणि हा विषय समजून घेणं भाग पडलं. मैत्रिणींनो, त्यातून मला कळलेली गोष्ट आधी सांगते. कूलंट बदलल्यानंतर लगेच गाडी गरम होऊ लागली, तर दोष बहुतेक वेळा इंजिनाचा नसतो, आत अडकून राहिलेल्या हवेचा असतो. ती हवा काढायला तास-दीड तास आणि थोडे पैसे पुरतात. पण काटा वर चढलेला दिसूनही गाडी तशीच रेटली, तर तोच किरकोळ दोष इंजिनाच्या जिवावर उठतो.

आधी कूलंट म्हणजे काय ते बघू. इंजिनात पेट्रोल किंवा डिझेल जळतं. त्यातल्या उष्णतेचा ढोबळमानाने एक तृतीयांश भागच चाकं फिरवायला कामी येतो. तेवढाच धुरावाटे बाहेर जातो आणि उरलेला इंजिनाच्या अंगात मुरतो. तो बाहेर काढायला इंजिनाच्या भिंतींतून पाणी फिरवतात. हे पाणी इंजिनातून गरम होऊन पुढच्या जाळीत, म्हणजे रेडिएटरमध्ये येतं, तिथे वाऱ्याने निवतं आणि परत इंजिनात जातं. ते फिरवायला वॉटर पंप असतो. मध्ये एक छोटी झडप असते, तिला थर्मोस्टॅट म्हणतात. इंजिन गार असेपर्यंत ही झडप बंद राहते आणि साधारण ८० ते ९० अंश सेल्सिअसच्या दरम्यान उघडते. ही झडप लक्षात ठेवा, पुढे तिचं काम पडणार आहे.

नुसतं पाणी न वापरता त्यात इथिलिन ग्लायकॉल नावाचं रसायन आणि गंज धरू न देणारी द्रव्यं मिसळतात. ते झालं कूलंट. ‘‘आपल्याकडे कुठे बर्फ पडतो? मग कूलंट कशाला?’’ असं पुष्कळजण म्हणतात. पण कूलंट नुसतं गोठू नये म्हणून नसतं. त्याने पाणी उशिरा उकळतं आणि आतला धातू गंजत नाही. आपल्या किनाऱ्यावर खाडीकाठच्या विहिरींचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं, ते गाडीत वर्षानुवर्षं भरलं तर आतून काय होत असेल, याचा विचार करा.

आता आपला प्रेशर कुकर आठवा. उघड्या पातेल्यात पाणी १०० अंशांना उकळतं. कुकरमध्ये वाफ कोंडून दाब वाढतो, म्हणून तिथलं पाणी १२० अंशांच्या आसपास पोचतं आणि डाळ लवकर शिजते. रेडिएटरचं झाकण हेच काम करतं. त्याला रबराची चकती आणि स्प्रिंग असते. त्याने आत दाब टिकून राहतो, म्हणून कूलंट १०० अंशांच्या वर गेलं तरी उकळत नाही. शिट्टी झालेल्या कुकरचं झाकण आपण तसंच उघडतो का? मुळीच नाही. मग गरम गाडीच्या रेडिएटरचं झाकणही उघडायचं नाही. दाब सुटला, की आतलं पाणी एका क्षणात वाफ होऊन उसळतं आणि तोंड, मान, हात भाजून काढतं.

मग हवा येते कुठून? घरची गच्चीवरची टाकी पूर्ण रिकामी होऊन पुन्हा भरली, की सकाळी नळातून पाणी येत नाही. नुसतं फुस्स फुस्स होतं आणि नळ थरथरतो. टाकी तर भरलेली असते, पण पाइपात मध्येच हवा अडून बसलेली असते. गाडीचंही अगदी असंच होतं. जुनं कूलंट खालून काढून टाकतात आणि नवं वरून ओततात. ओतताना इंजिन गार असतं, म्हणजे थर्मोस्टॅट बंद. कूलंट काठोकाठ दिसतं, झाकण लागतं, बिल होतं. पण इंजिनाच्या वरच्या भागात आणि हिटरच्या पाइपांत हवा तशीच राहते. पंपाला पाणी ढकलता येतं, हवा ढकलता येत नाही. जिथे हवेचा फुगा असतो तिथल्या धातूला पाणी लागतच नाही, आणि तो भाग तापत जातो. सपाट रस्त्यावर, गावातल्या गावात हे लक्षातही येत नाही. घाट लागला, दुसरा गिअर पडला, गाडीत माणसं आणि सामान असलं, की काटा वर सरकतो.

आमच्या व्हॅनचं नेमकं हेच झालं. तिचं इंजिन पुढच्या सीटखाली, रेडिएटर सर्वांत पुढे आणि दोन्हींच्या मध्ये लांबलचक पाइप. हवा अडकायला जागाच जागा! गेल्या डिसेंबरात कोल्हापूरच्या एका प्रदर्शनासाठी कोकम, आगळ, आंबापोळी, कुळथाचं पीठ असा माल भरून आम्ही तिघी निघालो. दोनच दिवसांपूर्वी एका गॅरेजमध्ये कूलंट बदललेलं. पाली, नाणीज, दाभोळे, साखरपा सगळं व्यवस्थित. आंबा घाट निम्मा चढलो असू, तेवढ्यात गाडी चालवणारी आमच्या गटातली धाकटी सभासद म्हणाली, ‘‘काकू, काटा एकदम वर गेला नि पटकन खाली आला. आणि आत गुडगुड ऐकू येतंय.’’ तिने पुढचं वळण सोडून मोकळी, सुरक्षित जागा बघितली, गाडी कडेला घेतली, बंद केली आणि धोक्याचे दिवे लावले. ‘‘थोडंसंच राहिलंय, जाऊ की वरपर्यंत,’’ असं आमच्यातली एकजण म्हणालीसुद्धा. पोरगी हलली नाही.

मग तिने पिशवीतून वही काढली आणि लिहिलं. काटा एका जागी राहत नाही, खालीवर होतो. हिटर पूर्ण गरमवर लावला तरी गार हवा येते. वरची बाटली भरून वाहते आहे. काटा वर असताना हिटरमधून गार हवा, म्हणजे हिटरच्या पाइपात पाणी नाही, हवा आहे. तासाभराने, इंजिन निवल्यावर, तिने रेडिएटरचं झाकण काढून बघितलं. आत पाणीच दिसत नव्हतं! बाटली भरलेली आणि रेडिएटर रिकामा.

कूलंट बदललेल्या गॅरेजला फोन लावला. उत्तर आलं, ‘‘वहिनी, गॅसकिट गेलं असणार. गाडी टो करून आणा, १८ हजार धरून चाला. आणि घरातल्या कुणा पुरुषमाणसाला फोन द्या, तुम्हाला नाही कळायचं.’’ १८ हजार! गटाचे कर्जाचे चार-पाच हप्ते. शिवाय प्रदर्शन बुडणार, म्हणजे महिनाभर खपून केलेला माल परत आणायचा. तिथे डबे भरणाऱ्या बायकांचे चेहरेच माझ्या डोळ्यांसमोर आले.

आम्ही पिण्याच्या पाण्याच्या बाटल्या हळूहळू रेडिएटरमध्ये रिकाम्या केल्या, इंजिन चालू ठेवूनच सावकाश उतरून साखरप्याला आलो आणि तिथल्या मिस्त्रींना वही दाखवली. उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडायची नाही, बरं का. ब्रेकला मिळणारी मदत जाते. मिस्त्रींनी वही वाचली आणि एकच विचारलं, ‘‘कूलंट बदलल्यावर एअर काढली होती का? दुसऱ्या दिवशी लेव्हल बघितली होती का?’’ दोन्हीला उत्तर नाही असंच होतं. त्यांनी गाडीचं तोंड चढाकडे करून उभी केली, म्हणजे रेडिएटरचं तोंड सर्वांत उंचावर येईल. हिटर पूर्ण गरमवर ठेवला. गार इंजिनावरच झाकण काढून कूलंट सावकाश ओतलं, मग गाडी नुसती चालू ठेवली. हाताने रबरी पाइप दाबत राहिले. थोड्या वेळाने थर्मोस्टॅट उघडला, तसे बुडबुडे वर येऊ लागले आणि पातळी खाली गेली. पुन्हा ओतलं. असं बुडबुडे थांबेपर्यंत चाललं. हिटरमधून गरम वारा आला, रेडिएटरचा पंखा आपोआप सुरू झाला, बंद झाला, पुन्हा सुरू झाला. मग झाकण लावलं. मजुरी ३०० रुपये आणि कूलंटचे वेगळे. संध्याकाळी आमचा स्टॉल कोल्हापुरात लागला.

तिथे मिस्त्रींनी आणखी एक गोष्ट पक्की बजावली. प्रत्येक गरम होणारी गाडी म्हणजे ‘एअर’च, असं समजू नये. कूलंट बदलताना इतर चुकाही होतात. डब्यात घट्ट कूलंट असेल तर त्यात पाणी मिसळावं लागतं, बहुतेक गाड्यांना निम्मं-निम्मं. ‘जास्त घातलं तर जास्त थंड’ हा समज चुकीचा. ग्लायकॉलपेक्षा पाणीच उष्णता जास्त वाहून नेतं, म्हणून नुसतं घट्ट कूलंट भरलेली गाडी उलट जास्त तापते. डब्यावर ‘तयार मिश्रण’ असेल, तर मात्र त्यात पाणी घालायचं नाही. वेगवेगळ्या जातींची कूलंट एकत्र झाली, तर काही वेळा आत चिकट गाळ होतो. रंग बघून जात ओळखू नये, कंपनीगणिक रंग बदलतात. काही वेळा काम करताना पंख्याची वायर निघते आणि परत लावायची राहते. झाकणाचं रबर चिरलेलं असतं. खालचा ड्रेनचा स्क्रू नीट बसत नाही आणि थेंब थेंब गळती होते. जुन्या गाडीत सुटलेला गंज रेडिएटरच्या बारीक नळ्यांत जाऊन बसतो. थर्मोस्टॅट उघडतच नसेल, तर वरचा पाइप चटका बसेल असा गरम आणि खालचा गार राहतो.

आणि खरंच गॅस्केट गेलेलं असेल तर? त्याचीही लक्षणं आहेत. हवा दोनदा नीट काढूनही बुडबुडे थांबत नाहीत, कुठे गळती नसताना कूलंट कमी होत जातं, इंजिन तापल्यावरही मागून पांढरा धूर येत राहतो, इंजिन ऑइल दुधाळ चहासारखं दिसतं. असं काही असेल तर खर्चाला पर्याय नाही. पण आधी साधी गोष्ट तपासावी, मग महागडी.

गाडी आणि बाई म्हटलं की हसणाऱ्यांसाठी एक जुनी हकीकत सांगते. मोटारीचा पहिला लांबचा प्रवास एका बाईनेच केला. १८८८ सालच्या ऑगस्टमध्ये जर्मनीत बर्था बेंझ आपल्या दोन मुलांना, एक १५ आणि दुसरा १३ वर्षांचा, घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला आपल्या आईकडे गेल्या. म्हणजे माहेरीच! सुमारे १०० किलोमीटरचा रस्ता आणि गाडी तयार करणाऱ्या नवऱ्याला, कार्ल बेंझना, आधी कळवलंही नव्हतं. त्या गाडीतलं पाणी वाफ होऊन उडून जायचं, म्हणून वाटेत मिळेल तिथे त्या पाणी भरत गेल्या. इंधनाची नळी तुंबली ती टोपीच्या पिनेने साफ केली. इंधन संपलं ते विस्लोख गावच्या औषधाच्या दुकानातून घेतलं. चढावर मुलांनी गाडी ढकलली. परत आल्यावर चढासाठी आणखी एक गिअर हवा, हेही त्यांनी सुचवलं. गाडी तापली तर थांबावं, बघावं, पाणी भरावं आणि पुढे जावं, हे शहाणपण तेव्हापासूनचं आहे.

घाटात काटा वर गेला तर काय करायचं, ते पाठच करून ठेवा. ए.सी. लगेच बंद. हिटर पूर्ण गरमवर आणि पंखा जोरात. मे महिन्यात हिटर लावायचा म्हणजे अंगाचा घाम घाम होईल, पण इंजिनातली उष्णता तेवढीच बाहेर येते. सुरक्षित जागा मिळताच थांबा आणि इंजिन बंद करा. काटा लाल रेषेला टेकला असेल किंवा वाफ दिसत असेल, तर बोनेटही लगेच उघडू नका. किमान पाऊण तास ते तासभर थांबा. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतू नका, धातूला तडा जाऊ शकतो. इंजिन पूर्ण निवल्यावर जाड फडकं धरून, तोंड बाजूला ठेवून झाकण आधी थोडंसंच फिरवा. काही नव्या गाड्यांत रेडिएटरला झाकण नसतं, वरच्या बाटलीचंच झाकण दाब धरतं. तेव्हा तेही तितकंच धोक्याचं. अडचणीच्या वेळी पिण्याचं साधं पाणी चालतं, समुद्राचं किंवा खाडीचं कधीच नाही. कुणाचा हात भाजलाच, तर २० मिनिटं वाहत्या साध्या पाण्याखाली धरा. टूथपेस्ट, हळद, तूप काही लावू नका आणि डॉक्टरकडे जा. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३ हा क्रमांक आहे, तो मोबाइलमध्ये ठेवा. अनेक नव्या गाड्यांत काटाच नसतो, नुसता दिवा असतो. निळा म्हणजे इंजिन अजून गार, लाल म्हणजे थांबा.

आणखी एक, आणि ही गोष्ट घरातली आहे. उरलेलं कूलंट सरबताच्या नाहीतर कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून ठेवायची सवय अनेक घरांत आहे. रंग हिरवागार नाहीतर गुलाबी, आणि चव गोडसर! इथिलिन ग्लायकॉल विषारी आहे. मूत्रपिंडं निकामी होतात, जीवही जातो. लहान मूल प्यायलं, तर उलटी करवत न बसता, डबा बरोबर घेऊन तडक दवाखाना गाठायचा. काढलेलं जुनं कूलंट अंगणात ओतायचं नाही. कुत्रीमांजरं चाटतात आणि मरतात. कूलंट त्याच्या मूळ डब्यातच, कुलपात ठेवायचं.

तेव्हा पुढच्या वेळी कूलंट बदलायला गाडी द्याल, तेव्हा गाडी ताब्यात घेण्याआधी चार प्रश्न स्वतः विचारा. कोणतं कूलंट घातलं आणि ते गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेलंच आहे का? घट्ट होतं की तयार मिश्रण? एअर काढली का? पंखा आपोआप सुरू होऊन बंद झालेला बघितला का? ‘‘घरच्यांना पाठवा’’ असं कुणी म्हणालं, तर शांतपणे सांगा, ‘‘गाडी मी चालवते दादा, मलाच सांगा.’’

दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी पूर्ण गार असताना, बोनेट उघडा. बाटलीवर किमान आणि कमाल अशा दोन रेघा असतात. कूलंट त्यांच्या मध्ये हवं. पहिला आठवडाभर रोज बघा, मग आठवड्यातून एकदा. गॅसवर चहा उकळेपर्यंत हे काम होतं. आणि पातळी खाली गेलेली दिसली, तर त्या दिवशी घाट चढायचा नाही.